चंद्राचे हसू आणि लंबोदराचे पोट

मालगुंडला जाऊन केशवसुतांचे स्मारक पाहायचे आणि परतताना गणपतीपुळ्याला दर्शन घ्यायचे, हा मराठीच्या अध्यापकांचा जवळजवळ ठरलेला क्रम आहे. आम्हीही तो मोडला नाही. पुळ्याचा गणपती स्वयंभू आणि पश्चिमाभिमुख. देवळामागचा डोंगर हाच देव अशी श्रद्धा असल्यामुळे प्रदक्षिणा घालायची ती अख्ख्या डोंगराला. वाट सुमारे एक किलोमीटरची, एका अंगाला समुद्र. आमच्यासोबतचे स्नेही, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेतले शिक्षक, अर्ध्या वाटेवर कठड्याला टेकून बसले. मागून आलेल्या घोळक्यातला एक तरुण जाता जाता म्हणाला, "बाप्पा तर इथेच बसलेत, पुढे कशाला जायचं!" सगळे हसले. आमचे स्नेहीही हसले, आणि घोळका पुढे गेल्यावर त्यांनी सांगितले की मधुमेह आटोक्यात येत नसल्यामुळे डॉक्टरांनी त्यांना वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करायला सुचवले आहे. वजन ९६ किलो, उंची १६८ सेंटिमीटर, वय सत्तेचाळीस. "तुम्ही इतिहासाचे माणूस," ते म्हणाले, "यात तुमचं मत काय?"

वैद्यकीय मत देण्याचा आमचा अधिकार नाही, आणि तसे आम्ही त्यांना सांगितलेही. पण हा प्रश्न माणसासमोर येतो कोणत्या वाटेने, तो विचारताना शब्द कुठले वापरले जातात आणि आजूबाजूला कोण उभे असते, याला इतिहास आहे. आणि तो इतिहास निर्णयात ढवळाढवळ करत असतो. प्रस्तुत लेख त्या ढवळाढवळीविषयी आहे.

आरंभ त्या डोंगरापासूनच करावा. लंबोदराची जी कथा आपण लहानपणी ऐकतो तिच्या एका प्रचलित रूपात गणपती पोटभर मोदक खाऊन उंदरावरून निघतो, वाटेत साप दिसून उंदीर बिचकतो, गणपती पडतो, पोट फुटते, मोदक बाहेर घरंगळतात. तो ते पुन्हा आत घालतो आणि तोच साप कमरेला आवळून पोट बांधून टाकतो. आकाशातून हे पाहणारा चंद्र हसतो आणि शापाला पात्र होतो. मराठी घरांत यातला शाप तेवढा उरला. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला चंद्र पाहू नये एवढेच आपण पाळतो. कथेचा रोख मात्र विलक्षण आहे. देवाला कोणी कमी खा म्हणत नाही. दोष ठरतो तो हसणाऱ्याचा. पोट फुटणे, भरणे, बांधणे हा सगळा व्यवहार पोटाच्या मालकाचा खासगी व्यवहार आहे, आणि अपराध आहे तो वरून पाहण्याचा. पुढे आपल्या लौकिक परंपरेने नेमके उलटे केले. पोट दोषी ठरले आणि चंद्र मोकळा सुटला.

हे उलटे होणे आधुनिक मात्र म्हणता येत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायाचे नावच 'अष्टौनिन्दितीय' असे आहे. अतिउंच, अतिठेंगणा, अतिलोमश, निर्लोम, अतिकृष्ण, अतिगौर, अतिस्थूल आणि अतिकृश अशी आठ निंदित माणसे तेथे सांगितली आहेत. वैद्यकाच्या ग्रंथात 'निंदित' हा शब्द यावा याचे नवल वाटते. रोग्याचे वर्गीकरण करताना वैद्याने गावाची नजर उसनी घेतली आहे. परंतु हीच नजर घेऊन अध्याय पुढे गेला की तिच्यापासून सुटू लागतो. अतिस्थौल्याची कारणे देताना चरक अतिआहार, गोड व जड अन्न, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप यांच्याबरोबर 'बीजस्वभाव' हेही कारण देतो, म्हणजे जे आईबापांकडून आले ते. आणि त्याहून महत्त्वाचे असे की स्थूल माणसाला फार भूक लागते हे तो त्याचे व्यसन म्हणून मांडत नाही. मेदाने मार्ग अडले की वायू कोठ्यातच फिरतो, तेथला अग्नी फुंकतो, म्हणून खाल्लेले लवकर पचते आणि पुन्हा भूक लागते, असे तो सांगतो. यातले शरीरशास्त्र आज टिकणारे नाही, आणि 'आपल्याकडे हे सारे पूर्वीच होते' अशा आरोळीत आम्हाला सामील व्हायचे नाही. पण युक्तिवादाचा आकार पाहा: भूक हे लठ्ठपणाचे कारण असेल, तसेच ती त्याचे लक्षणही आहे. हा विचार एकदा मान्य केला की 'तोंडावर ताबा नाही' हे वाक्य उच्चारणे अवघड होते. त्याच अध्यायात, स्थूल आणि कृश यांत कृश असणे बरे, असेही चरक म्हणून ठेवतो. कारण दोघांनाही रोग झाला तर तो स्थूलाला अधिक पीडतो. शल्यतंत्राच्या परंपरेत सुश्रुताने आतड्याच्या विकारात पोट उघडून, छेद पडलेल्या जागी मुंग्यांचे डंख लावून ते सांधण्याची कृती सांगितली आहे, मात्र मेदासाठी पोटावर शस्त्र चालवण्याची कल्पना तेथे दिसत नाही. निरोगी जठर कापून माणूस बरा करायचा, हा विचार विसाव्या शतकाचा.

मधल्या काळात मराठी साहित्याने या विषयाचे काय केले? हसू केले. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ' या १९५८ सालच्या पुस्तकातला 'उपास' हा लेख आमच्या वाचकांपैकी अनेकांना तोंडपाठ असेल. निवेदक वजन उतरवण्याचा निश्चय करतो आणि अख्खी चाळ सल्लागार होते. लेखाची थोरवी अशी की त्यातले हसू वजनावर कमी आणि सल्ल्यांवर अधिक आहे. निवेदक स्वतःच बोलत असल्यामुळे चंद्राची जागा चाळ घेते आणि हास्यास्पदही चाळच ठरते. परंतु लेख वाचून आपण जे घेतले ते वेगळे. आपल्या संमेलनांत, स्नेहभोजनांत, शिक्षकखोलीत 'उपास' आठवला जातो तो कोणाच्या तरी पोटाकडे पाहून. विनोदी लेखनाच्या वाट्याला अशी वंचना अनेकदा येते. २०१६ साली आलेल्या सचिन कुंडलकर यांच्या 'वजनदार' या चित्रपटाने वजन उतरवू पाहणाऱ्या दोन स्त्रिया मध्यभागी आणल्या, आणि हा प्रश्न बाईच्या अंगाने कसा दिसतो याकडे मुख्य प्रवाहात लक्ष गेले. ते लक्ष उशिराचेच म्हणायचे. जगभर ही शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांत स्त्रिया पुरुषांहून बऱ्याच अधिक आहेत. त्यांच्यातल्या किती जणींच्या निर्णयामागे मधुमेह होता आणि किती जणींच्या मागे लग्नाची बोलणी, हे कुठल्याही केसपेपरवर लिहिलेले नसते.

आता आकड्याकडे वळू, कारण आमच्या स्नेह्यांचा प्रश्न अखेर एका आकड्यावर येऊन ठेपला होता. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे, हे सूत्र बेल्जियमच्या अॅडोल्फ केटले या खगोलशास्त्रज्ञ व संख्याशास्त्रज्ञाने १८३२ साली मांडले. त्याला लठ्ठपणाशी कर्तव्य नव्हते. त्याला 'सरासरी माणूस' शोधायचा होता. १९७२ साली मिनेसोटा विद्यापीठाच्या अॅन्सेल कीज यांनी या भागाकाराला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिले, आणि तो लोकसमूहांच्या अभ्यासासाठी उपयुक्त आहे असे म्हटले. समूहासाठी केलेला भागाकार एकेका माणसाच्या दंडावर कधी आणि कसा बांधला गेला, हा विज्ञानाच्या इतिहासातला एक मोठा धडा आहे.

या भागाकाराची मर्यादा उघड करण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे, आणि तो मराठी वाचकांना असावा तितका ठाऊक नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर स्त्रिया व त्यांची मुले यांचा अभ्यास १९९३ मध्ये सुरू केला. तेथील नवजात मुले इंग्लंडमधल्या मुलांपेक्षा वजनाने हलकी, पण स्नायूंच्या मानाने चरबी राखून असलेली, असे दिसले. 'बारीक पण चरबीयुक्त' भारतीयाची कल्पना त्यातून पुढे आली. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. त्यात दोघांचे छायाचित्र आहे. दोघांचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दोन आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरावरून या टिपणाला 'वाय-वाय विरोधाभास' म्हणतात. स्वतःच्या देहाला पुरावा म्हणून मांडणारे इतके संक्षिप्त आणि विनोदबुद्धीचे आत्मकथन आपल्या साहित्यातही विरळा. त्याच साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे कृतीचे टप्पे सुचवले.

आता शस्त्रक्रियेचा इतिहास, थोडक्यात. १९५४ साली, कीज ज्या विद्यापीठात होते त्याच मिनेसोटातील क्रेमेन, लिनर आणि सहकाऱ्यांनी लहान आतड्याचा बराचसा भाग वगळण्याची कृती मांडली. वजन उतरले, पुढे अनेकांची यकृते बिघडली, मूत्रखडे झाले, कुपोषण झाले, आणि ती पद्धत मागे पडली. हे प्रकरण विसरू नये असे आम्हाला वाटते, कारण त्या रुग्णांनीही 'विज्ञान सांगते' म्हणूनच होकार दिला होता. १९६६ मध्ये आयोवाच्या एडवर्ड मेसन यांनी जठराचा वरचा लहान भाग वेगळा करून तो आतड्याला जोडणारे बायपास सुरू केले. अल्सरसाठी जठर काढलेले रुग्ण पुन्हा वजन धरत नाहीत, हे निरीक्षण त्यामागे होते. आज सर्वाधिक होणाऱ्या 'स्लीव्ह' प्रकारात जठराचा सुमारे पाऊण ते ऐंशी टक्के भाग कायमचा काढून केळ्याच्या आकाराची नळी उरवतात. काढलेल्या भागातच घ्रेलिन हे भुकेचे संप्रेरक मोठ्या प्रमाणावर तयार होते. ते १९९९ साली जपानी संशोधकांनी शोधले. म्हणजे शस्त्र चालते ते पोटाच्या आकारावर आणि भुकेच्या बोलावण्यावरही. भूक हे लक्षण असू शकते, या जुन्या युक्तिवादाच्या आकारात येथे वेगळा आशय भरला गेला.

कोणावर करायची याचा दंडक १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेत ठरला: निर्देशांक ४०, किंवा सहव्याधी असल्यास ३५. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये आपल्या देहयष्टीला अनुसरून हे टप्पे ३७.५ आणि ३२.५ असे खाली आणले. २०२२ मध्ये दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी १९९१चा दंडक निवृत्त करून तो ३५ आणि ३० वर आणला, आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनच विचार व्हावा असे सुचवले. इकडे भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने २०१९ मध्ये आरोग्यविम्यातून काय वगळावे याची जी प्रमाणित शब्दरचना घालून दिली, तीत लठ्ठपणाची शस्त्रक्रिया ग्राह्य धरण्यासाठी अट आहे ती ४०ची, किंवा गंभीर सहव्याधी असेल तर ३५ची. म्हणजे १९९१ची अमेरिका.

आमच्या स्नेह्यांचा भागाकार कठड्यावर बसूनच केला. ३४. भारतीय तज्ज्ञांच्या लेखी मधुमेहासह ते पात्र. विम्याच्या त्या शब्दरचनेत अपात्र. पात्र होण्यासाठी त्यांना सुमारे तीन किलो वजन वाढवावे लागेल. "म्हणजे तीन किलो मोदक," ते म्हणाले. यावर आम्हालाही हसू आले, आणि हे हसू चंद्राचे नव्हते असे आम्ही मानतो.

शस्त्रक्रिया महाराष्ट्राच्या सार्वजनिक बोलण्यात आली ती बहुधा २०११ मध्ये, भाजपचे तत्कालीन राष्ट्रीय अध्यक्ष नितीन गडकरी यांनी मुंबईत ती करून घेतली तेव्हा. खाणे हा ज्यांच्या सार्वजनिक प्रतिमेचा भाग होता अशा नेत्याने ती लपवली नाही, याचा परिणाम मध्यमवर्गावर झाला असणार. पण आमच्या विषयाला अधिक बोलकी आहेत ती २०१७ची दोन प्रकरणे. फेब्रुवारीत मुंबई महापालिकेच्या मतदानादिवशी एका ख्यातनाम इंग्रजी स्तंभलेखिकेने एका अतिस्थूल पोलीस अधिकाऱ्याचे छायाचित्र ट्विटरवर टाकून बंदोबस्तावर कोटी केली. अधिकारी मुंबईचे नव्हतेच, मध्य प्रदेशचे होते. वजन खाण्यामुळे नसून आजारामुळे आहे, असे त्यांनी सांगितले. चेष्टेमुळे प्रसिद्धी, प्रसिद्धीमुळे मुंबईतील शस्त्रवैद्यांचे लक्ष, आणि काही आठवड्यांत शस्त्रक्रिया. वृत्तपत्रांनी याला सुखान्त म्हटले. त्या गृहस्थांना लाभ झाला याचा आनंदच आहे. मात्र देशभर हसू झाल्यानंतर आलेल्या अशा प्रस्तावाला 'नाही' म्हणण्याची जागा किती उरते, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

दुसरे प्रकरण इजिप्तच्या अलेक्झांड्रिया शहरातील इमान अहमद यांचे. जगातील सर्वांत वजनदार स्त्री अशा बिरुदासह त्यांना फेब्रुवारीत मालवाहू विमानाने मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणले गेले, वय ३६. ७ मार्चला स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली. भुकेला लगाम घालणाऱ्या लेप्टिन संप्रेरकाच्या ग्राहकाशी संबंधित जनुकात दोष असल्याचे डॉक्टरांनी जाहीर केले; चरकाच्या 'बीजस्वभावा'ला मिळालेले हे आजचे नाव. एप्रिलमध्ये त्यांची बहीण आणि डॉक्टर यांच्यात उपचारांच्या परिणामावरून जाहीर वाद झाला, मे महिन्यात त्यांना अबू धाबीला हलवले, आणि २५ सप्टेंबरला तेथेच त्यांचे निधन झाले. त्या काळातल्या बातम्या आम्ही पुन्हा चाळल्या. क्रेन, खाट, विमान, किलो यांची वर्णने रकानेच्या रकाने आहेत. बोलते ती बहीण, बोलतात डॉक्टर. पक्षाघातानंतर स्वतः इमान यांना फारसे बोलता येत नव्हते, हे खरे; परंतु निर्णयाच्या या कथेत निर्णय घेणारी व्यक्ती जवळजवळ नाही, हेही तितकेच खरे.

मग निर्णय घेणाऱ्याने काय तोलायचे? आम्हाला जे विश्वसनीय वाटते ते एवढे. १९८७ मध्ये सुरू झालेल्या स्वीडनमधील दीर्घ अभ्यासाचे २०२० साली आलेले निष्कर्ष असे की शस्त्रक्रिया झालेले लोक, तसेच लठ्ठ असून शस्त्रक्रिया न झालेल्यांपेक्षा सुमारे तीन वर्षे अधिक जगले, आणि सर्वसाधारण लोकांपेक्षा साडेपाच वर्षे कमी. लाभ खरा, चमत्कार नव्हे. मधुमेह अनेकांचा माघार घेतो, काहींचा पुन्हा येतो. शस्त्रक्रियेतला मृत्यूचा धोका अनुभवी हातांत हजारी दोनचारच्या आत असतो. त्यानंतर आयुष्यभर जीवनसत्त्वे, लोह, कॅल्शियम, रक्ततपासण्या. काही जणांत दारूचे व्यसन आणि आत्मघाताची प्रवृत्ती वाढल्याचेही अभ्यासांत दिसले आहे, म्हणून मनोवैज्ञानिकाची भेट ही औपचारिकता समजू नये. शिवाय २०२५च्या मार्चमध्ये टिर्झेपॅटाइड आणि जूनमध्ये वजनासाठीच्या मात्रेतले सेमाग्लुटाइड ही इंजेक्शने भारतात आली. पूर्वी निवड होती पथ्य की शस्त्र अशी. आता मध्ये तिसरी वाट आहे, महाग, आणि औषध थांबवले की बहुतेकांचे वजन परत आणणारी.

स्नेह्यांनी विचारलेले प्रश्न मात्र यांतल्या कशाचेच नव्हते. ते कोकणातले होते. भात? आधी प्रथिने, रोज साठ ग्रॅमच्या आसपास, भाताला उरली तर जागा. म्हणजे मासे चालतील, हे ऐकून त्यांचा चेहरा खुलला. सोलकढी? जेवताना कुठलेही पेय नको. अर्ध्या तासाने, तेही घोट घोट. आणि मोदक? बायपासनंतर गूळ-साखर वेगाने आतड्यात उतरली की घाम, धडधड, चक्कर येते. स्लीव्हमध्ये हा त्रास कमी. एकवीस मोदकांचा नैवेद्य दाखवायचा आणि त्यातला पाव खायचा, असा हिशेब त्यांनी मोठ्याने केला. मग म्हणाले, चतुर्थीला घरी पंचवीस माणसे असतात, त्यांना काय सांगायचे? ऑपरेशन झाले म्हणावे तर कशाचे ते विचारणार. हर्नियाचे सांगितले तर चालेल का?

आम्हाला वाटते, प्रश्न येथे होता. दोन-अडीच हजार वर्षे निंदेच्या सदरात टाकलेल्या देहावर उपचार करून घेणे हीही कबुलीच ठरते. पथ्याने वजन उतरवणारा शूर, शस्त्राने उतरवणारा पळपुटा, अशी वाटणी आपण केली आहे. हृदयाचे बायपास करून आलेल्या माणसाला फुले मिळतात. जठराचे करून आलेला हर्निया शोधतो.

प्रदक्षिणेची उरलेली वाट सावकाश संपवली. त्यांना दोनदा थांबावे लागले. रत्नागिरीच्या गाडीत त्यांनी आमच्याकडून वहीचे एक पान मागून घेतले आणि त्यावर डॉक्टरांना विचारायच्या गोष्टी लिहिल्या. विमा, इंजेक्शनचा खर्च, शाळेची रजा किती, तपासण्यांना मुंबईच गाठावी लागेल की जवळ होतील. सर्वांत खाली 'हिला सोबत नेणे' असे लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. हर्नियाची गोष्ट पानावर नव्हती. पुढची भेट दिवाळीच्या सुटीत ठरली आहे.